हरलेल्याला फाटकापर्यंत

आधी फाटकाचंच सांगते. शेटजींचं सगळं त्या फाटकापाशी येऊन थांबतं, म्हणून.

ज्याचं लोखंडाचं दुकान, त्याचं फाटक कसं असावं? भक्कम. यांचं एका बिजागरीवर लोंबत होतं. दुकानात बिजागऱ्यांची खोकी रचलेली अन् घरच्या फाटकाला सुतळी बांधलेली. कोणी टोकलं तर म्हणायचे, "विकाचा माल घरी वापरला तं विकन काय?" ते फाटक उघडलं की असं कण्हायचं की बाजारातल्या माणसालाही कळावं, शेटजी आत्ता कोणाला तरी पोचवायला निघाले.

अन् पोचवायचे कोणाला, तर टीव्हीतल्या माणसाला.

हे समजायला जरा आमच्या गावची जागा सांगावी लागेल. गाव हायवेला लागून, जामच्या चौकापासून जवळच. शेटजींचं दुकान बाजारात. दुकानामागे घर, घरापुढे अंगण, अंगणाच्या टोकाला हे फाटक, अन् फाटकाला चिकटून एक लहानसा गाळा. तो गाळा मी भाड्यानं घेतला होता, शिलाईसाठी. मशीन दाराशी ठेवलं, उजेड यावा म्हणून. तिथून शेटजींची ओसरी, ओसरीतला टीव्ही अन् फाटक एका नजरेत यायचं. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. टेनिसची बॅट कधी हातात धरली नाही. पण पुरुषांचे एकेरीचे सामने मी जेवढे पाहिले, तेवढे आमच्या तालुक्यात दुसऱ्या बाईनं पाहिले नसतील. ब्लाऊजला हूक लावता लावता पाहिले.

नव्वदच्या पुढची गोष्ट. गावात केबल आली अन् सगळं गाव सिनेमे पाहायला लागलं. शेटजींना मात्र एका दुपारी बटण दाबता दाबता विलायतेतलं ते हिरवंगार गवत दिसलं. पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं इकडून तिकडं पळताहेत. शेटजी तेच बघत बसले. सामना संपला. एक जण हात वर करून लोकांना दाखवू लागला. दुसरा खुर्चीपाशी वाकून टॉवेल, बॅटी, पाण्याची बाटली थैलीत कोंबू लागला. मग थैली खांद्याला मारली अन् मान खाली घालून निघाला.

शेटजी उठले. चपला घातल्या. अंगण ओलांडून फाटकाशी गेले, सुतळी सोडली, फाटक कण्हलं. रिकाम्या रस्त्याकडे पाहून म्हणाले, "येजो रे बाप्पा." मग सुतळी बांधून परत आले अन् टीव्ही बंद केला.

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर त्या एका संध्याकाळी फाटक इतक्या वेळा कण्हलं की मी धागा ओवायचं सोडून मोजायला लागले, अन् मग मोजायचंही सोडलं. ही स्पर्धा अशी असते, की पहिल्या दिवसांत पुष्कळ जण हरतात. रोज हरणारे अर्धे कमी होत जातात. शेवटी दोघंच उरतात, अन् त्यातलाही एक हरतोच. म्हणजे सुरुवातीला शेटजींच्या पायाला काही विसावा नसायचा.

गिऱ्हाईक खिळे तोलून मागत उभं असायचं, अन् हे म्हणायचे, "थांब जरा, पावन्याले पोचवून येतो." गिऱ्हाईक पाव्हणा शोधायचं. कोणी नाही. एकदा वर्ध्याहून पत्रे घ्यायला आलेला एक जण माझ्या दाराशी येऊन हळूच विचारून गेला, "ताई, यांच्या घरी कोणी वारलं काय?" मी म्हटलं, "नाही हो, विलायतेत एक जण हरला."

त्यांची बायको, म्हणजे आमची शेटाणीबाई, तोंडानं तिखट. सोप्यात बसून सुपारी कातरत म्हणायची, "माह्या भावाले कधी ओसरीच्या पायरीपर्यंत नाई पोचवलं या माणसानं. अन् त्या गोऱ्यायच्या मागं फाटकापर्यंत पयते."

शेटजी म्हणायचे, "तुया भाऊ कधी हारला व? आला तवा जेवूनच गेला."

शेवटी मीच विचारलं एक दिवस. शर्टाचं माप द्यायला आले होते. म्हटलं, "शेटजी, हे येजो कशासाठी?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचा मामा गिरडकडच्या एका खेड्यातला. त्या गावी दंगल भरायची, लांबून पैलवान यायचे. जिंकलेल्याला फेटा, नारळ, खांद्यावर मिरवणूक. पण त्या गावची आणखी एक रीत होती. हरलेला पैलवान अंगाची माती पुसून निघाला की गावातला एक जाणता माणूस त्याच्याबरोबर चालत वेशीपर्यंत जायचा. रस्त्यानं त्याच्या गावच्या पीकपाण्याचं विचारायचा. कुस्तीचं काही बोलायचं नाही. वेशीवर गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवायचा अन् म्हणायचा, "येजो," म्हणजे पुन्हा ये. मामाकडे ते काम होतं. शेटजी लहानपणी मामाचं बोट धरून जायचे.

"हारलेला मानूस एकटा गावाबाहेर गेला ना बाई," शेटजी म्हणाले, "तं तो पुन्हा त्या गावाले येत नाई. गाव त्याच्यासाठी संपून जाते. म्हनून पोचवाचं."

मी म्हटलं, "मग क्रिकेट बघा की. त्यातही हरतात."

"ते अकरा हायेत. एकमेकाच्या गळ्यात पडतीन, एका गाडीत बसून जातीन. याचं पाह्य. आपली थैली आपनच भरते. कोनी हात नाई लावत."

दोघादोघांचे सामनेही ते बघत नसत. म्हणायचे, "ते एकमेकाले घरी नेऊन सोडतेत. तिथं माह्यं काय काम?"

"अन् बायकांचे?" मी विचारलं.

तर गडी चक्क लाजला. मापाच्या टेपकडे पाहत म्हणाला, "बाईले पोचवाले मी कोन? तिच्या घरचे असतीन ना तिले न्याले."

हे बोलणं ध्यानात ठेवा. मीही ठेवलं होतं, पण तेव्हा नुसतं हसण्यासाठी.

खेळाडूंची खरी नावं शेटजींच्या जिभेवर बसत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक घामट्या, एक टोपीवाला. एक उंच, किडकिडीत, डावखुरा होता. तो शेवग्याची शेंग. ही शेंग शेटजींची लाडकी. कारण काय, तर दरवर्षी पहिल्याच दिवशी हरायची. पाच डाव खेळायची, घामाघूम व्हायची, अन् हरायची. शेटजी फाटकाशी जायचे, येजो म्हणायचे. पुढच्या वर्षी शेंग पुन्हा हजर. मग त्यांचा चेहरा बघावा. ओसरीतून मला हाक मारायचे, "ओ शिंपीनबाई! येजो म्हटलंतं, आला का नाई? पाह्य, पाह्य, आला!"

जणू त्यांच्याच सांगण्यावरून विमानात बसला होता तो.

जिंकलेल्याशी मात्र त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. शेवटच्या सामन्याच्या दिवशी काळा कोट घालायचे. लग्नातला, कोपरावर विटलेला, आषाढातल्या उकाड्यात. कारण शेवटच्या सामन्यात हरणारा सगळ्यात लांबून चालत आलेला असतो, म्हणे. त्याला फाटकाच्या पुढे, पार हायवेपर्यंत पोचवायचे. त्या दिवशी हरलेल्याला आधी एक ताटली देतात. ती ताटली त्याच्या हातात पडलेली बघायची, की शेटजी टीव्ही बंद. मोठा करंडक कसा असतो, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. बाजारात कोणी विचारलं, "शेटजी, कोन जितलं मंग?" तर म्हणायचे, "मले काय मालूम बाप्पा. मी टीव्ही बंद केलता."

पुढं भारनियमन सुरू झालं तेव्हा तर काय गंमत. सामना अगदी रंगात, अन् लाईट गेली. शेटजी अंधारल्या ओसरीत अडकून पडल्यासारखे. "आता कोनाले येजो म्हनू?" मग म्हणाले, टोपीवाला दोन डाव मागं होता, तोच हरला असणार. जाऊन त्याला पोचवून आले. दुसऱ्या दिवशी पेपर आला. टोपीवाला जिंकला होता! शेटजींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "म्या बसलेल्या पावन्याले उठवून लावलं व. अन् जो खरा गेला, तो तसाच गेला." सकाळच्या गर्दीत, दुकानात माणसं उभी असताना, ते फाटकाशी जाऊन त्या हरलेल्याची माफी मागून आले. शेटाणीबाईनं कपाळावर हात मारला. मी मशीनवर वाकून पोट धरून हसले.

आता माझं सांगते.

पंचायतीत बायकांच्या जागा राखीव झाल्या अन् आमच्या वॉर्डात बाई हवी म्हणून माझ्या दिरानं माझं नाव पुढं केलं. मला खरंच उभं राहायचं होतं. आमच्या बौद्ध पुऱ्यात, म्हणजे वस्तीत, नळ नव्हता, अन् मला बोलता येत होतं, एवढीच माझी लायकी. पण सासूला पटेना. आधीच गाळा भाड्यानं घेऊन बाजारात बसते, हेच तिला सलत होतं. ती म्हणाली, "राह्य उभी. पन हारली तं मशीन घरी आनून ठेवजो. मंग बाजारात तोंड घेऊन बसाचं नाई." मालक, म्हणजे माझे यजमान, ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर. घरात सासूचा शब्द शेवटचा. म्हणजे माझ्यासाठी ती नुसती पंचायत नव्हती. मशीनचा प्रश्न होता.

समोर कमलबाई होती, बाजाराच्या बाजूची. तिच्याकडे जीप होती, माझ्याकडे दिराची फटफटी.

मोजणी समुद्रपूरला, तहसिलात. दुपारपर्यंत दीर माझ्याबरोबर होता. आकडे तिकडं झुकू लागले तसा तो पान खायला म्हणून गेला. बाकीचे त्याला शोधायला म्हणून गेले. निकाल ऐकायला मी एकटीच उरले. बाहेर कमलबाईच्या माणसांनी फटाके लावले. मी पिशवीत पाण्याची बाटली, ओळखीचा कागद अन् न खाल्लेला डबा भरला. भरता भरता एकदम ती थैलीवाली माणसं आठवली. असंच वाकून भरतात. हसू येईल असं वाटलं, पण आलं भलतंच.

एसटीत खिडकीशी बसले. मनात ठरवलं होतं, गावाच्या थांब्यावर उतरायचंच नाही. पुढं जामला उतरायचं, तिथून पवनारची गाडी धरून भावाकडे जायचं. मशीन काय, कोणी तरी घरी उचलून नेईल. बाजारातून चालत जायचं नाही, एवढंच. आमचा पुरा बाजाराच्या पलीकडे, थांबा अलीकडे. मधून सगळं गाव.

थांबा आला. मी पदर पुढं ओढून बसून राहिले. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "ओ काका, चढाचं असन तं चढा, नाई तं सरका!"

"चढाचं नाई. माह्या मानूस उतराचा हाय."

आवाज ओळखला. खिडकीतून पाहिलं. शेटजी गाडीच्या दाराला हात लावून उभे होते. अंगात काळा कोट.

काय करणार? उतरले. कमलबाईची जीप निकाल घेऊन माझ्याआधीच गावात पोचली होती.

म्हणाले, "घरचे कोठी हायेत?"

मी म्हटलं, "नाहीत आले."

त्यांनी कोटाचं बटण लावलं. त्या लाजऱ्या माणसाच्या मनात काय उलटसुलट झालं असेल, ते त्यालाच ठाऊक. मग म्हणाले, "हारलेल्याले वेशीपर्यंत पोचवाची रीत हाय. पन तू तं याच गावची. तुले वेशीपासून घरापर्यंत न्या लागन. चाल."

अन् निघाले आम्ही. ते पुढं नाही, मागं नाही, बरोबरीनं. सगळ्या बाजारातून. किराणावाला, पानठेला, चक्की, न्हाव्याच्या दुकानातले अर्धी दाढी झालेले, सगळे बघत होते. निवडणुकीचं एक अक्षर बोलले नाहीत. मोठ्या आवाजात शेंगेची गोष्ट सांगत होते, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी. "पह्यल्याच दिवशी हारला, बरं का. पाच डाव. लोकायले वाटलं आता काई येत नाई हा. पुढच्या साली थैली घेऊन हाजीर!" न्हाव्यानं विचारलं, "कोन शेटजी?" "आपला शेंग्या!" पानठेल्यावरची माणसं हसली. मला नाही हसली, शेंगेला हसली. त्या दोन हसण्यात काय अंतर असतं, ते त्या रस्त्यावरून चालल्याशिवाय कळत नाही.

बाजार संपला. मला वाटलं इथून परततील. बाजारातला कोणी दुकानदार आमच्या पुऱ्यात पायी आलेला मी पाहिला नव्हता, मतं मागायला सोडून. शेटजी थांबले नाहीत. माझ्या दारापर्यंत आले. सासू उंबऱ्यात उभी, चेहरा दगडासारखा. शेटजींनी तिला जयभीम घातला. कोटाच्या खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "येजो."

मग सासूकडे वळून, "बाई, माह्या शर्टाची एक बाही इच्याकडं पडली हाय. उद्या सकाळी पाह्यजे. एका बाहीनं दुकानात कसा बसू?"

सासू वळली. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. शेटजी तिथंच दारात उभ्यानं पाणी प्यायले अन् गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर निघाले तेव्हा सासूनं डबा हातात दिला. मशीनचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर मी त्या गाळ्यात किती शिवलं असेल! लेकीचं शिक्षण त्या मशीनवर झालं. उपकार म्हणायला गेलं की शेटजी वैतागायचे, "कायचे उपकार? माह्यी बाही होती."

मधल्या वर्षांत एका साली शेंग आलीच नाही. शेटजींनी पहिले तीन-चार दिवस वाट पाहिली. पेपर उलटासुलटा केला. मग मला म्हणाले, "थकला असन. लेकराबाळात रमला असन. चांगलं हाय." पण त्या साली त्यांचं फाटकाकडे जाणं जरा मंदावलेलंच होतं. पुढं गुडघे गेले तेव्हा मुलानं नागपूरला नेलं त्यांना. निघताना सारा बाजार थांब्यावर जमला, तर ओरडले, "घरी जा सारे! मी काई हारून नाई चाल्लो." कोणाला पोचवू दिलं नाही. मी तेवढी गाळ्याच्या दारातून बघत राहिले. तिथून थांबा दिसत नव्हता, नुसतं फाटक दिसत होतं.

पण त्याच्या आधीचं एक राहिलं, अन् तेच सांगायला बसले होते.

पाच वर्षांनी मी पुन्हा उभी राहिले. समोर पुन्हा कमलबाई. अन् या वेळी मी निवडून आले! दीर सगळ्यात पुढं, गुलालात न्हालेला. मालक सुट्टी काढून आलेले. मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं केलं, डफडं लावलं, अन् वरात बाजाराकडे वळली. मी वरून सारखा शेटजींचा चेहरा शोधत होते. दुकान बंद होतं. ओसरीत कोणी नाही. फाटकाची सुतळी सुटलेली. मनात खट्टू झाले. म्हटलं, आज तरी यावं ना माणसानं.

चक्कीच्या वळणावर ट्रॅक्टर थांबला. समोरून दोघं येत होते. काळा कोट, अन् त्याच्याबरोबर पिशवी छातीशी धरलेली कमलबाई. तिची जीप नव्हती, माणसं नव्हती. शेटजी हातवारे करून सांगत होते, "पाच डाव, बरं का. अन् पुढच्या साली..."

डफडंवाले वाजवतच होते. मी वाकून त्यांना म्हटलं, "बंद करा." मग ट्रॉलीतून उतरले. साडी सावरत नालीच्या कडेला जाऊन उभी राहिले. माझ्यामागं दीर, मालक, सगळे सरकले. ट्रॅक्टर मागं घेतला. रस्ता मोकळा झाला.

दोघं आमच्या मधून गेले. कमलबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, तिनंही पिशवीसकट जोडले. शेटजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुलालातल्या माणसाशी त्यांची ओळखच नव्हती. पुढं निघून गेल्यावर शेंगेची गोष्ट तेवढी ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा उघडला. कानात अजून गुलाल होता. शेटजी आले, हातात शर्ट, बाहीची शिवण उसवलेली. मुद्दाम उसवली होती की काय, देव जाणे. मशीनवर ठेवून अगदी साळसूदपणे म्हणाले, "काल मोजनी होती म्हनतेत. कोन जितलं व?"

मी सुईत दोरा ओवत म्हटलं, "मले काय मालूम बाप्पा. मी टीव्ही बंद केलता."